मागचे दोन बोल्ट

दिवाळी तीन आठवड्यांवर आली की आमच्या बिल्डिंगखाली सोफे दुरुस्त करणारे येतात. ताडपत्री अंथरतात, कोणाच्या तरी सोफ्याचं कापड सोलून काढतात, आणि मग तो वास वर येतो, फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा. तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो, खिडक्या लावल्या तरी येतो. पार्ल्यात पूर्वी कारखान्यातून बिस्किटांचा वास यायचा म्हणून लोक अजून हळवे होतात. माझं तसं काही होत नाही. मला हा सोल्यूशनचा वास आला की सात वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवतो.

काल भाजी घेऊन येत होते तर त्यातल्या एकाने हटकलं. जिन्याखाली आमचा वॉचमन ज्या सीटवर बसतो, तिच्यापुढे तो उकिडवा बसला होता. "मॅडम, इसका भी कर दूँ क्या? रेक्झिन फाटलंय, पण फोम एकदम कडक आहे." मग शिवणीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "गाडीची सीट आहे ना? कोणी शिवली?" मी म्हटलं, "माहीत नाही. पडून होती." आणि जिना चढून आले. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेली बाई मी. पण खोटं पटकन निघालं, सवय असल्यासारखं.

ऑक्टोबरबद्दल कोणी चांगलं लिहीत नाही आणि ते योग्यच आहे. पाऊस गेलेला असतो, पण ओल भिंतीत राहिलेली असते. पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतो. सहामाहीचे पेपर तपासायचे असतात, मानेवर घामोळं उठलेलं असतं, लाल शाई बोटांना लागून ओघळते. दुपारी चारला ढग येतात, गडगडतात आणि फुकटची धमकी देऊन निघून जातात. अशा दिवसांत आम्ही ती सीट केली. आणि खरं सांगायचं तर त्या पंधरा दिवसांत मी जेवढी खूश होते तेवढी आधी किंवा नंतर क्वचितच झाले असेन. राग त्याचाच येतो.

सीट बाबांसाठी होती. बाबा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढलेले, त्यामुळे किराण्याची यादीसुद्धा सारख्या उंचीच्या अक्षरांत लिहायचे आणि कोपऱ्यात तारीख टाकायचे. आई गेल्यापासून या घरात ते आणि मी, दोघंच. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं आता माझी मलाही नीट आठवत नाहीत. दादा, माझा मोठा भाऊ, घाटकोपरला त्याच्या संसारात. मुरबाडच्या पुढे बाबांच्या वाट्याला आलेला जमिनीचा एक तुकडा होता. त्यात मातीपेक्षा दगड जास्त. पण बाबांनी तिथे झाडं लावली, प्रत्येकाला नंबर दिला आणि त्यांचा नकाशा काढून भिंतीवर लावला. सतरा नंबरचा फणस आई गेली त्या पावसाळ्यात लावलेला.

त्या वर्षीच्या मे महिन्यात तिथल्या शेजाऱ्याचा फोन आला की सतरा नंबर पहिल्यांदा धरलाय. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि ते बिघडलं होतं. पाय वाकायचा बंद झाला होता. शेजारी म्हणाला, फळं पाठवून देतो. बाबा म्हणाले, "फळं राहू देत. मला झाड बघायचंय. पावसाळा संपला की येतो."

त्यानंतर पाच महिने बाबा जिना उतरले नाहीत. त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न झालं, डॉक्टरने तीनदा बोलावलं, समोरच्या जोश्यांनी सत्यनारायणाला बोलावलं. सगळ्यांना एकच उत्तर, "पाय वाकत नाही." मी चिडायचे. मी म्हणायचे, जमिनीवर जायला बरा वाकेल. ते म्हणायचे, "तिथे न वाकताच जाईन." विनोद करत नव्हते. खरोखर त्या एका ठिकाणासाठी ते घराबाहेर पडायला तयार होते, आणि दुसऱ्या कशासाठीही नाही. ही गोष्ट मला माहीत होती आणि दादालाही माहीत होती.

जमिनीपर्यंत साधी गाडी जात नाही. मुरबाडच्या पुढे काही अंतर डांबर आहे, मग कच्चा रस्ता, मग एक ओढा. दादाकडे जुनी डिझेलची जीप होती. शनिवार-रविवार गाड्या चिखलात घालायच्या आणि पुन्हा बाहेर काढायच्या, असा त्याचा एक ग्रुप होता, त्यासाठी घेतलेली. त्या जीपला मागे फक्त दोन बाकं, चाकांच्या वर, समोरासमोर. त्यावर बसलेल्या माणसाला प्रत्येक खड्ड्यात गुडघे वाकवूनच तोल सांभाळावा लागतो. पुढे बसावं तर गुडघा समोर आपटतो. तेव्हा मागचं एक बाक काढायचं आणि तिथे समोर तोंड करून एक सीट बसवायची, पाय सरळ ठेवता येईल अशी, बाजूला माझ्यासाठी अर्धी जागा आणि चढायला मागून एक पायरी, असं ठरलं. ही कल्पना दादाची. फोनवर म्हणाला, "शुभे, आपण बनवू. विकत घ्यायची नाही, आपण बनवू. तू शिव, मी लोखंडाचं बघतो. बाबांना सांगू नकोस, सरप्राइज." एवढ्या वर्षांत दादाने मला 'आपण' म्हटलेलं मला आठवत नव्हतं, आणि मी लगेच विरघळले.

आमच्या घराण्यात सांगत नाहीत. आजार सांगत नाहीत, निकाल सांगत नाहीत, कोणी जायला टेकलेलं असेल तर ते तर नाहीच नाही. समोरच्याला त्रास नको म्हणून सांगत नाहीत असं म्हणतात. मी बाबांचं माप घेतलं तेही चोरून. ते आंघोळीला गेले की त्यांच्या खुर्चीला टेप लावायची आणि पेन्सिलीने खुणा करायच्या. दोन दिवसांनी टेबलावर एक कागद सापडला. त्यावर एक बसलेला माणूस, बाजूने काढलेला, उजवा पाय सरळ, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, कमरेपासून खांद्यापर्यंत सगळी मापं. खाली लिहिलं होतं, "खुर्चीची उंची घेऊ नये. गाडीत माणूस मागे कलतो. दीड इंच वजा करणे." कोपऱ्यात तारीख. मी हसत हसत त्यांच्याकडे गेले तर ते पेपर वाचत होते. म्हणाले, "मला काही माहीत नाही."

सांगाडा साकीनाक्याला एका गाळ्यात झाला. दादा आणि मी रिक्षातून गेलो होतो, मांडीवर बाबांचा कागद. वेल्डिंग करणाऱ्या हनीफभाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला. म्हणाले, "ये किसने निकाला? असं ड्रॉइंग आमच्याकडे कोणी आणत नाही. सिगारेटच्या पाकिटावर काढून आणतात." चौकोनी पाइप कापले, ठिणग्या उडाल्या, माझ्या ओढणीला दोन बारीक भोकं पडली. ती ओढणी मी पुढे बरीच वर्षं वापरली. निघताना हनीफभाईंनी चार बोल्ट तळहातावर ठेवून दाखवले, अंगठ्याएवढे जाड. "ताई, बघा. पुढचे दोन, मागचे दोन. डांबरी रस्त्याला पुढच्या दोनवर पण चालून जाईल. पण कच्च्याला चारही पाहिजेत, नाहीतर खड्ड्यात सीट मागून उचलणार. म्हातारा माणूस आहे ना?" मी म्हटलं, हो. दादा बाहेर फोनवर बोलत होता. तो त्या आठवड्यात सारखाच फोनवर असायचा.

मग शिवणकाम. आईचं पायाचं मशीन रेक्झिन पुढे सरकू देईना. तीन सुया मोडल्या. शेवटी रेक्झिनवर टाल्कम पावडर टाकली, तेव्हा ते सरकलं. फोम आमच्याच जुन्या सोफ्याचा, तो मी फरशीवर बसून दगडी पोळपाटाच्या काठावर सुरी घासत कापला, आणि सोल्यूशन लावून फळीवर दाबून बसले. घरभर तो वास. बाबा मधूनमधून येऊन उभे राहायचे, काठीने एखादा कोपरा दाखवायचे, "इथे उसवेल, दुहेरी टाक." सरप्राइज केव्हाच संपलं होतं, पण कोणी तसं म्हणालं नाही. एकदा मी वर बघितलं तर ते नकाशातला सतरा नंबर बोटाने शोधत होते. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, इतकी मी मूर्ख होते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. हत्यारं म्हणजे काय, तर आईचं मशीन, माझं लाल पेन, सुरी, हातोडी आणि बाबांची कचेरीतली कंपासपेटी. बाबा म्हणाले, "ते बोल्ट पण ठेव. नवीन लोखंड आहे." मी चारही बोल्ट तबकात मांडले, हळद-कुंकू वाहिलं, प्रत्येकावर झेंडूची एक पाकळी. बाबांनी हात जोडले. देवाला जोडतात तसे नाही, एखाद्या कामाच्या माणसाला जोडतात तसे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा जीप घेऊन आला आणि खाली अर्ध्या तासात सीट बसवली. मी तबक घेऊन खाली उतरले होते. त्याने दोन बोल्ट उचलले, पुढे आवळले आणि पाना ठेवून दिला. मी म्हटलं, "दादा, मागचे?"

"भोकं जुळत नाहीयेत गं. नंतर लावतो."

"जुळतायत. मी पेन्सिल घालून बघितलं."

"शुभे, दोन पुरे आहेत. कशाला किरकिर करतेस?"

वर गॅलरीत बाबा कठड्याला टेकून उभे होते. मी दोन बोल्ट तबकात तसेच ठेवले आणि वर घेऊन आले.

आता इथे एक गोष्ट मी गाळली आहे, ती सांगते. नवरात्रातल्या पाचव्या माळेला दादा शाळेपाशी येऊन मला भेटला होता. शाळेबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. त्याला मोठं घर घ्यायचं होतं, मुलाला परदेशी शिकायला पाठवायचं होतं, जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. म्हणाला, "बाबा आपणहून कधी विकणार नाहीत. आणि ते गेल्यावर कागदांची वाट लागेल, तुलाच त्रास. त्यापेक्षा आत्ता होऊ दे. मी मुरबाडला सगळं तयार ठेवतो. पार्ल्याचं घर तुझं, मी एका शब्दाने मागणार नाही, पाहिजे तर लिहून देतो." मी विचारलं, "बाबांना विचारलंस?" तो म्हणाला, "विचारू ना. गाडीत बसल्यावर विचारू. आधीपासून टेन्शन नको त्यांना." मी चहा संपवला. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. घरी आले आणि सीटच्या पाठीची शिवण पुरी केली. सरळ आली होती.

निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "बाबांचं आधार कार्ड, पॅन कार्ड आणि तुझं पण घे. असू दे बरोबर." झाड बघायला आधार कार्ड कशाला लागतं, हे न कळण्याइतकी मी साधी नाही. मी कपाटातून कार्डं काढली आणि पिशवीत ठेवली, चिवड्याचा डबा आणि थर्मास यांच्या मध्ये. नातेवाइकांना मी आजवर सांगत आले की मला काही कल्पना नव्हती. दादाने फसवलं म्हणून काही जण माझी बाजू घेऊन त्याच्याशी भांडलेसुद्धा. मी त्यांना भांडू दिलं.

गुरुवारी सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून जिना उतरले. चोपन्न पायऱ्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय. जीपच्या मागे आले, पायरीवर चढायच्या आधी वाकले आणि काठीचं टोक सांगाड्याच्या मागच्या पट्टीवर टेकवलं, एका रिकाम्या भोकापाशी, मग दुसऱ्या.

"दोनच?"

"पुरतात बाबा," दादा म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत फळ्याशी उभ्या केलेल्या मुलाला उत्तर येत असतं आणि तो बोलत नाही, तेव्हा मी त्याच्याकडे बघते तसं. मी म्हटलं, "चला बाबा, ऊन होईल." ते बसले. उजवा पाय सरळ ठेवला, तो बरोबर तेवढ्याच जागेत बसला. दादाने फोटो काढला.

मुरबाडपर्यंत सगळा डांबरी रस्ता. टॅक्सी आली असती. सीटची, पायरीची, मोडलेल्या सुयांची काही गरज नव्हती. तिथल्या रजिस्ट्री कचेरीसमोर जीप थांबली तेव्हा दादा म्हणाला, "बाबा, इथे थोडं काम आहे. आपलंच." बाबांनी विचारलं, "कागद तयार आहेत?" एवढंच. ते आरडाओरडा करतील, नकार देतील म्हणून आम्ही दोघांनी मनात काय काय उत्तरं तयार केली होती, त्यातलं एकही लागलं नाही. त्यांनी करार मागून घेतला आणि बाकावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग कारकुनाला म्हणाले, "चतुःसीमा उलट्या आहेत. ओढा पूर्वेला नाही, पश्चिमेला आहे. दुरुस्त करून आणा." अर्धा तास त्यात गेला. आपली जमीन जाताना तिच्या सीमा बरोबर लिहिल्या जाव्यात म्हणून बाबा अर्धा तास त्या बाकावर थांबले. अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटेना. "आजोबा, जोरात दाबा," कारकून म्हणत राहिला. माझीही सही लागली. मी केली.

बाहेर आलो तर दोन वाजले होते. डावीकडचा रस्ता जमिनीकडे जात होता. अर्ध्या तासाची वाट. दादा म्हणाला, "आता ऊन झालंय, बाबा दमलेत. रविवारी जाऊ, नक्की." बाबा म्हणाले, "बरं." तो रविवार आला, गेला, पुढचेही गेले. परतीच्या वाटेवर कल्याणच्या गर्दीत जीप अडकली होती, रेक्झिन तापून पाठीला चिकटत होतं, आणि मी माझ्या अर्ध्या सीटवर बसून समोर बघत होते. तेव्हा ते एकदाच बोलले, "दीड इंच वजा केलंस ना? बरोबर बसलंय."

घरी आल्यावर मी तबक बघितलं. दोन बोल्ट नव्हते. निर्माल्यात गेले असतील असं वाटलं. शोधायची हिंमतही नव्हती.

बाबा पुढच्या मे महिन्यात गेले, फणसांच्या दिवसांत. दादा माझ्यापेक्षा जास्त रडला आणि ते नाटक नव्हतं. वर्षभराने त्याने जीप विकली. घेणाऱ्याला मागची सीट नको होती, म्हणून दादाने ती आमच्या जिन्याखाली आणून ठेवली. आता दर वर्षी दसऱ्यानंतर तो घरातल्या ग्रुपवर तो फोटो टाकतो. इस्त्रीचा सदरा, सरळ पाय, मागे माझी दुहेरी शिवण. खाली लिहितो, 'बाबांना जमिनीवर नेलं तो दिवस.' आत्येभाऊ, मावस बहिणी हात जोडलेली चित्रं पाठवतात. मीही पाठवते.

बाबांची कंपासपेटी मी दर खंडेनवमीला न उघडताच पुजायची. गेल्या वर्षी तिच्या कडीला गंज दिसला, म्हणून पुसायला उघडली. आत कर्कटक, त्रिकोण, बोथट झालेल्या पेन्सिली आणि ट्रेसिंग कागदाची एक पुडी. पुडीत दोन बोल्ट. कुंकू सुकून काळं पडलेलं. कागदावर सारख्या उंचीची अक्षरं, "जीप. मागचे दोन. जमिनीवर जाताना आठवणीने लावून घेणे." कोपऱ्यात तारीख, निघायच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे त्या सकाळी बोल्ट त्यांच्याकडे होते. काठी टेकवून त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं, तेव्हाही होते. मी फक्त "चार हवेत" म्हणायचं होतं.

पुडी मी होती तशी बांधून पेटीत ठेवली आणि पेटी कपाटात. खाली सोल्यूशनचा वास अजून आहे. आणखी दोन दिवस राहील म्हणतात. खिडक्या लावून घेतल्यात. घर माझ्या नावावर आहे.